पहिला असूनही मागे : मायक्रोप्रोसेसरच्या आरंभीच्या स्पर्धेचा धडा

बंगळुरू : इंदिरानगरला लागून असलेल्या सी. व्ही. रामन नगरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अर्थात ‘टीआय’ या अमेरिकी चिप कंपनीचे केंद्र आहे. आज वैयक्तिक संगणकाच्या मुख्य प्रोसेसरशी इंटेलचे नाव जोडले जाते, टीआयचे नव्हे. मात्र १९७१ मध्ये एका महत्त्वाच्या शर्यतीत टीआय इंटेलच्या पुढे होती.

संगणकाचे गणन आणि नियंत्रण करणारा भाग एकाच चिपवर सामावला की तिला मायक्रोप्रोसेसर म्हणतात. सॅन अँटोनियोतील कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनला ‘डेटापॉइंट २२००’ या यंत्रासाठी अशी आठ बिटांची चिप हवी होती. इंटेलचे काम रेंगाळले आणि टीआयने १९७१ च्या मध्यास ‘टीएमएक्स १७९५’ जाहीर केली. परंतु ग्राहक कंपनीने दोघांच्याही चिप नाकारल्या व अनेक साध्या चिप जोडून यंत्र बाजारात आणले.

येथे दोन्ही कंपन्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टीआयची चिप कधीच बाजारात आली नाही. इंटेलने मात्र आराखड्याचे हक्क मिळवून एप्रिल १९७२ मध्ये ती ‘८००८’ या नावाने सर्वांसाठी विक्रीस आणली. तिच्यातून १९७४ मध्ये ‘८०८०’ व १९७८ मध्ये ‘८०८६’ विकसित झाली. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी याच कुळातील ‘८०८८’ निवडली.

दरम्यान स्पर्धा तीव्र झाली होती. मोटोरोला सोडून एमओएस टेक्नॉलॉजीत गेलेल्या अभियंत्यांनी १९७५ मध्ये ‘६५०२’ अवघ्या २५ डॉलरना विक्रीस आणली; ‘८०८०’ ची आरंभीची किंमत ३६० डॉलर होती. इंटेल सोडलेल्या फेदेरिको फाजिन यांच्या झायलॉगने १९७६ मध्ये आणलेली ‘झेड८०’ चिप ‘८०८०’ साठीचे प्रोग्रॅम चालवू शकत असे. त्यामुळे ग्राहकाला जुने सॉफ्टवेअर टाकून द्यावे लागत नव्हते. त्याच वर्षी आलेली टीआयची ‘टीएमएस ९९००’ सोळा बिटांची असली, तरी तिची स्मृती हाताळण्याची मर्यादा ६४ किलोबाइट होती; ‘८०८६’ ची मर्यादा त्याच्या सोळापट होती.

पुढे टीआयने ध्वनी व अन्य संकेतांवर वेगाने प्रक्रिया करणाऱ्या चिपच्या क्षेत्रात आपले स्थान निर्माण केले. १९८५ मध्ये तिने बंगळुरूत संशोधन व विकास केंद्र उघडले. पुढे अनेक जागतिक चिप कंपन्या या शहरात आल्या.

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि इस्रोचा ‘विक्रम’ यांसारखे स्वदेशी प्रोसेसर साकारत असताना या इतिहासाला विशेष अर्थ प्राप्त होतो. चिप तयार होणे हा पहिला टप्पा होय. तिला टिकून राहणारा ग्राहक, परवडणारी किंमत आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे सॉफ्टवेअर मिळाले, तरच ती बाजारात तग धरते.