जळून गेलेला सिनेमा मनोरुग्णालयात सापडला! कोण होते कार्ल ड्रेयर?

१९८१ साल. नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात फिल्मचे जुने डबे सापडले. आत होता १९२८ चा मूकपट ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’. याची मूळ निगेटिव्ह बर्लिनमधल्या आगीत जळाली होती. दिग्दर्शकाने न वापरलेले शॉट्स जोडून सिनेमा पुन्हा उभा केला, तर तीही निगेटिव्ह दुसऱ्या आगीत गेली. आता हाती लागली ती आगीआधीची, मूळ एडिटिंगची प्रिंट.

दिग्दर्शक होते डेन्मार्कचे कार्ल थिओडोर ड्रेयर. जन्म १८८९, कोपनहेगन. आई स्वीडिश, अविवाहित, दुसऱ्यांच्या घरी कामाला. तिने बाळ दत्तक दिलं आणि दोनच वर्षांत गर्भपाताच्या प्रयत्नात तिचा जीव गेला. ड्रेयर यांच्या सिनेमांत समाजाने छळलेल्या बायका पुन्हा पुन्हा का दिसतात, याचं उत्तर अनेक अभ्यासक इथेच शोधतात.

‘जोन’मध्ये तर जवळपास सगळी गोष्ट चेहरेच सांगतात. मेकअप नाही, क्लोज-अपमागून क्लोज-अप. जोन झालेल्या फाल्कोनेटीचे केस कॅमेऱ्यासमोर खरोखर कापले गेले. ते बघवत नाही, पण नजरही हटत नाही.

कौतुक झालं, पैसे मात्र बुडाले. ‘व्हॅम्पायर’ (१९३२) आपटला आणि पुढची ११ वर्षं पूर्ण लांबीचा सिनेमाच नाही! पोटासाठी पुन्हा पत्रकारिता. ‘ऑर्डेट’ला १९५५ मध्ये व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला, तेव्हा ते ६६ वर्षांचे होते.

१९६८ मध्ये ड्रेयर गेले. डबे सापडले ते त्यानंतर १३ वर्षांनी.