नगरातील धर्मग्राम आणि विद्यापीठातील धर्मसेवा : फिलाडेल्फियाचे सेंट जेम्स चर्च

धर्मग्राम हा कॅथलिक ख्रिस्तसभेच्या रचनेतील मूलभूत घटक होय. तो सामान्यतः भूभागावर आधारलेला असतो. ठरावीक सीमेत राहणारा प्रत्येक श्रद्धावंत त्या धर्मग्रामाचा. मग शिक्षणापुरता शहरात आलेल्या विद्यार्थ्याचा धर्मग्राम कोणता? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या सेंट अगाथा-सेंट जेम्स या धर्मग्रामाचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात अभ्यासनीय ठरतो.

१८४४ मध्ये या शहरात कॅथलिकविरोधी दंगली उसळल्या व सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टिन ही चर्चे जाळण्यात आली. वादाचे एक निमित्त होते शाळांतील बायबलवाचन. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८५० मध्ये, शुइलकिल नदीच्या पश्चिमेस सेंट जेम्स धर्मग्राम स्थापन झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ नदीपलीकडे आले ते १८७२ मध्ये. म्हणजे धर्मग्राम विद्यापीठाकडे गेला नाही, विद्यापीठच त्याच्या दाराशी आले.

१८९३ मध्ये टिमोथी हॅरिंग्टन या वैद्यकीय विद्यार्थ्याने येथे न्यूमन क्लबची स्थापना केली. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना तेथील कॅथलिक विद्यार्थ्यांच्या मंडळाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. क्लबचे नाव इंग्लंडचे कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांचे. (१८५२ ते १८६० या काळात फिलाडेल्फियाचे बिशप असलेले जॉन न्यूमन वेगळे, मराठी लेखनात या दोघांची गल्लत सहज संभवते.) धर्मनिरपेक्ष विद्यापीठात जाणाऱ्या कॅथलिक तरुणांकडे तत्कालीन अनेक बिशप साशंकतेने पाहत. त्यामुळे या चळवळीचा आरंभ धर्माधिकाऱ्यांच्या आदेशाने नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या गरजेतून झाला, ही बाब विशेष महत्त्वाची. पोप दहावे पायस यांनी विद्यापीठांच्या शहरांत धर्मशिक्षणाची सोय करण्यास सांगितले ते १९०५ मध्ये.

१९६० च्या दशकात 'युनिव्हर्सिटी सिटी'च्या पुनर्विकासात ब्लॅक बॉटम ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती उठविण्यात आली. हजारो रहिवासी विस्थापित झाले. पुढे १९७६ मध्ये शेजारचा सेंट अगाथा धर्मग्राम सेंट जेम्समध्ये विलीन झाला.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर १९८३ च्या धर्मसंहितेत सापडते. कलम ८१३ नुसार विद्यार्थ्यांची आध्यात्मिक काळजी वाहणे हे बिशपांचे कर्तव्य असून त्यासाठी स्वतंत्र धर्मग्रामही स्थापता येतो. कलम १०२ नुसार किमान तीन महिने राहण्याचा हेतू असला तरी 'उपनिवास' सिद्ध होतो. त्या आधारे विद्यार्थी स्थानिक धर्मगुरूंच्या अधिकारकक्षेत येतो. विवाहासाठी तर, कलम १११५ प्रमाणे, महिनाभराचे वास्तव्यही पुरेसे असते. कायमचा निवास मात्र, कलम १०६ नुसार, परत न येण्याच्या हेतूने स्थान सोडल्यास संपुष्टात येतो. ज्यांची घरेच पाडली गेली त्यांच्या 'हेतू'चा विचार या कलमात नाही.