एक डोळा झाकून पाहा

मूल अंगणात खेळते, शेरडांमागे धावते, सांडलेले दाणे वेचते. त्याच्या नजरेत काही उणे असेल असे घरात कोणाच्या मनातही येत नाही. पुढे शाळेत तपासणी होते, डॉक्टर एक डोळा झाकायला सांगतात, आणि मूल म्हणते, 'आता अक्षरे दिसत नाहीत.' आईबाप चकित होतात. मूलही चकित होते. त्याला जग पहिल्यापासून असेच दिसत आले. त्याने तक्रार तरी कशाची करावी?

याला 'आळशी डोळा' म्हणतात. शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत हा दोष आढळतो. नाव मात्र डोळ्यावर अन्याय करणारे आहे. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून बराच जास्त असला, डोळा तिरळा असला किंवा जन्मतःच मोतीबिंदू असला, तर त्या डोळ्याकडून मेंदूला नीट चित्र मिळत नाही. मग मेंदू चांगल्या डोळ्यावरच भिस्त ठेवतो. जोडीतल्या एकाच बैलाने सारी ओढ काढावी आणि दुसऱ्याने नुसते जू वाहावे, तसा हा प्रकार.

एक डोळा चांगला आहे ना, मग बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. पण आपले काम शेतातले. उसाचे पाते, बाभळीचा काटा, मळणीतले कुसळ केव्हा डोळ्यात जाईल याचा नेम नाही. भरवशाच्या डोळ्याला इजा झाली तर उरतो तो अधूच.

उपचार जुना आणि स्वस्त आहे. आधी योग्य चष्मा. तेवढ्याने भागले नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी, म्हणजे दुसऱ्याला कामाला लागावेच लागते. मध्यम दोष असलेल्या लहान मुलांना रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असे २००३ साली अमेरिकेतील पाहणीत दिसले.

अडचण एवढीच, की मूल पट्टी ओढून टाकते. म्हणून आता पडद्यावरचे उपचार निघाले आहेत. मुलाच्या डोळ्यांवर खास यंत्र बसवून त्याला कार्टून दाखवतात. चांगल्या डोळ्यापुढचे चित्र मुद्दाम फिके ठेवतात, त्यामुळे मेंदूला दोन्ही डोळे एकत्र वापरावे लागतात. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी अशा एका यंत्राला अमेरिकेत २०२१ साली सरकारी मंजुरी मिळाली. बारा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज एक तास ते वापरायचे होते. ज्यांनी चष्म्याबरोबर यंत्र वापरले ती मुले तक्त्यावरच्या सरासरी जवळजवळ दोन ओळी जास्त वाचू लागली. नुसता चष्मा लावणारी एक ओळसुद्धा नाही.

पण हुरळून जाऊ नये. २०१६ साली ३८५ मुलांवर पडद्यावरचा एक खेळ तपासला, तेव्हा तो पट्टीच्या तोडीचा ठरला नाही. बहुतेक मुलांनी तो नेमाने खेळलाच नाही. पट्टी असो वा यंत्र, गुण येतो तो नेमाने. आणि मुलाच्या हाती घरचा मोबाइल देणे म्हणजे उपचार नव्हे. त्यावर दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसते आणि चांगला डोळाच सारे काम उरकतो.

सातव्या वर्षाच्या आत उपचार सुरू झाला तर उत्तम. मूल त्याहून मोठे असले तरी निराश होऊ नका. बारा वर्षांपर्यंतच्या कित्येक मुलांनाही गुण येतो.

मायबहिणींनो, उद्या सकाळी उजेडात मुलाचा एकेक डोळा तळहाताने अलगद झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायला सांगा. तान्हे मूल एक डोळा झाकल्यावर गप्प राहते आणि दुसरा झाकताच रडून हात ढकलते, तर शंका घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी कामासाठी मुलाला घरी ठेवू नका. घरच्या पाहणीत सारे ठीक वाटले तरी ही तपासणी चुकवू नये, आणि दोष निघाला तर जिल्हा रुग्णालयाची वाट लगेच धरावी. पेरणीचा वाफसा निघून गेला की बियाणे कितीही चांगले असून भागत नाही. नजरेचेही तसेच आहे.