घाटावरचा सराव सामना

बास्केटबॉलच्या कोर्टवर आधी वायपर उतरतात, मग खेळाडू. चार पोरं बूट काढून, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाणी ढकलताहेत. पाणी कडेला जातं, थोडं परत येतं. पूर्वेकडच्या रिंगखाली सिमेंट खचलंय. तिथलं पाणी वायपरला जुमानत नाही. एक जण तिथे पोतं टाकतो, त्यावर उभा राहतो, उचलून कडेला पिळतो, पुन्हा टाकतो. ऑगस्ट महिना आहे. बुलढाण्यात श्रावणातला सराव असाच सुरू होतो.

दुपारचे साडेतीन वाजलेत. सर येऊन गेली आणि लगेच लख्ख ऊन पडलं. सिमेंटमधून वाफ निघतेय. फाटकाबाहेरच्या गाडीवर भुट्टे भाजताहेत, त्यांचा धूर मैदानावर सरकतोय. शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात घाटाखाली पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा इथे जरा तरी श्वास घेता येतो, याचा इथल्या माणसांना भारी अभिमान. आज मात्र वारा साफ पडलाय. निंबाच्या झाडाखाली उभं राहूनही शर्ट पाठीला चिकटतो.

पायऱ्यांवर आम्ही बघे. संख्या फार नाही. दोन-तीन जुने खेळाडू, आता कुणी शिक्षक, कुणाचं कृषी केंद्र. कॉलेजचे चौकीदार काका. शेजारच्या वस्तीतली शाळकरी पोरं. बॉल बाहेर गेला की पहिला हात कुणाचा लागतो, यात त्यांची वेगळीच स्पर्धा. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर कॉलेजचा मुलींचा संघ. त्यांचा सामना मुलांच्या नंतर आहे. कोर्ट एकच.

मैदानाच्या कडेने कच्च्या ट्रॅकवर पोलीस भरतीवाले धावताहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. चिखल उडतोय, तरी कुणी थांबत नाही. त्यातला एक जण कोर्टजवळून जाताना मान वळवून बघतो. गेल्या मोसमात तो याच संघात होता. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, पण तिथवर पोचायला वरच्या पातळीवरची पदकं लागतात. भरतीच्या मैदानावर घड्याळ सगळ्यांना सारखं. त्याने हिशेब केला आणि ट्रॅकवर गेला. कोर्टवरचे त्याला हाक मारतात. तो नुसता हात वर करतो, वेग कमी करत नाही.

पाहुणा संघ अजून यायचाय. मलकापूरकडचा आहे. सरकारी कागदावर जिल्ह्याचे तालुके १३, पण माणसांच्या बोलण्यात जिल्ह्याचे भाग दोनच. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखालचे. पोरगी द्यायची असो की कबड्डीचा डाव लावायचा असो, समोरचा वरचा की खालचा, हे आधी विचारलं जातं. आज वरचे विरुद्ध खालचे. म्हणून सराव सामना असूनही पायऱ्या रिकाम्या नाहीत.

कर्णधार फोन लावतो. स्पीकरवर टाकतो.

"कुठं हायेत भाऊ?"

"राजूर घाटात. पुढं ट्रक हाय. निघतच नाई बे."

आमचे सर घड्याळ बघतात, मग आभाळ बघतात. पश्चिमेला पुन्हा काळं भरून यायला लागलंय. वरच्या पायरीवरून एक मुलगी विचारते, "सर, तोवर आम्ही खेळू का?" सर म्हणतात, "थांबा गं, येतीलच ते." मुलगी खाली बसते. तिच्या मांडीवर बॉल आहे, ६ नंबरचा, मुलांच्या ७ नंबरच्या बॉलपेक्षा थोडा लहान आणि हलका. ती तो बोटावर फिरवत राहते.

मी कोर्टच्या कडेने चालत जातो. रेषा बघण्यासारख्या आहेत. पांढरा रंग नवा आहे, पण पावसाने धुतल्यावर त्याच्याखालचा पिवळा रंग वर आलाय. बाहेरची तीन गुणांची कमान पांढरी, रिंगपासून पावणेसात मीटरवर. तिच्या आत अर्ध्या मीटरवर जुनी पिवळी कमान, सव्वासहा मीटरची. २०१० मध्ये नियम बदलला आणि रेषा बाहेर सरकली. रिंगखालचा चौकोनही तेव्हाच सरळ झाला. आधी तो तळाशी रुंद असायचा. इथे दोन्ही आकार एकावर एक आहेत. जुने खेळाडू आजही पिवळ्या रेषेवरून बॉल टाकतात आणि तीन गुण मागतात.

पाहुण्यांची क्रूझर फाटकातून आत येते. दार उघडतं. एक उतरतो, दुसरा उतरतो, चौथा, सातवा, उतरणं संपतच नाही. शेवटी त्यांचे सर उतरतात, मांडीवर बॉलची जाळी घेऊन बसलेले. पोरांचे पाय आखडलेत. कुणी वाकून पोटऱ्या चोळतो, कुणी थेट नळाकडे. खालचा एक जण हवा हुंगतो आणि म्हणतो, "इथं त थंड हाय नं बे." आमच्या पायरीवरचे सगळे एकदम ताठ बसतात.

आता दोन रांगा. लेअपच्या. एक रांग बॉल घेऊन धावते, दुसरी रिबाउंड घेऊन पास देते आणि पलीकडच्या रांगेच्या शेपटीला जाऊन लागते. बुटांचा आवाज ओल्या सिमेंटवर वेगळाच येतो, चर्र असा. बॉलचा ठोका जड पडतो. थोड्याच वेळात बॉलचे दाणे पाणी धरतात, मग तो हातात बसत नाही. प्रत्येक जण फेकण्याआधी बॉल बनियनला पुसतो. मूळचा हा खेळ छपराखालचा. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला १८९१ च्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ असल्यामुळे पोरांना आत काहीतरी खेळता यावं म्हणून एका व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या टांगून तो बसवला. आपल्याकडे तो उघड्यावर आला आणि उघड्यावरच राहिला.

शिट्टी वाजते. पंच बाहेरून आणलेले नाहीत. एका बाजूला आमचे सर, दुसऱ्या बाजूला त्यांचे. बॉल वर उडतो. खालच्यांचा उंच पोरगा तो टोलवतो आणि सामना सुरू.

पहिली पाच मिनिटं बघवत नाहीत. पास हातातून निसटतात. दोघे एकाच बॉलवर धावतात आणि तिसऱ्या जागेवर कुणीच नसतं. आमचा ११ नंबर डावीकडे बघून उजवीकडे पास देतो; उजवीकडचा गडीही डावीकडेच बघत असतो. बॉल थेट भुट्टेवाल्याच्या गाडीकडे. शाळकरी पोरं उधळतात. गेल्या वर्षीचे दोन जुने गेलेत, एक पदवी घेऊन आणि एक त्या ट्रॅकवर. त्यांच्या जागा भरल्यात, सवयी भरलेल्या नाहीत. हे बघायलाच आम्ही येतो.

नव्यांत एक आहे. मोताळा तालुक्यातल्या खेड्यातला, प्रथम वर्षाचा. शाळेत कबड्डी खेळलेला. पाय असे रुतलेले की धक्का लागला तरी हलत नाही. कंबर खाली, नजर समोरच्याच्या पायावर. डिफेन्स म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही. फक्त समोरचा निसटायला लागला की त्याचे हात आपोआप पुढे जातात. तो धरतो. शिट्टी. पुन्हा धरतो. शिट्टी.

"अबे, धरू नको त्याले! नुसता आडवा हो!"

तो मान हलवतो. तिसऱ्यांदा हात पुढे जातात, अर्ध्यावर थांबतात, मग मागे पाठीशी बांधल्यासारखे जातात. समोरचा अडतो, बॉल सोडून देतो. पायरीवर टाळ्या. खऱ्या सामन्यात पाच फाऊल झाले की बाहेर बसावं लागतं. आज कुणी मोजत नाही, म्हणून तो शिकतोय.

२४ सेकंदांचं घड्याळ नाही. बाकावरचा राखीव खेळाडू मोबाइल हातात धरून ओरडतो, "आठ... सात... सहा..." कधी तो खेळ बघण्यात गुंगतो आणि आठवरून एकदम तीनवर येतो. दोन्ही बाजूंनी त्याला शिव्या बसतात. गुणही असेच. एका मुलाकडे वही आहे, मागच्या पानावर तो रेघा मारतोय. मध्येच वहीवर थेंब पडतात आणि दोन रेघांची एक होते.

मोठा वाद रिंगचा. पश्चिमेकडच्या रिंगला नेट उरलेलं नाही. जमिनीपासून तीन मीटर आणि वर पाच सेंटिमीटरवर नुसतं लोखंडी कडं. आमचा ७ नंबर कोपऱ्यातून बॉल टाकतो. बॉल कड्याजवळून खाली येतो.

"गेला नं!"

"नाई गेला. बाजूनं आला."

"म्या पाह्यला ना भाऊ, आतून आला."

"तू तिकडून पाह्यला, मी रिंगखाली हाय!"

दोन्ही सर एकमेकांकडे बघतात आणि हसतात. गुण देऊन टाकतात. नेट असतं तर ते हललं असतं आणि वाद मिटला असता. दोन-तीनशे रुपयांची वस्तू.

दहा मिनिटांचा एक क्वार्टर, असे चार. दुसरा संपला की सगळे पाण्याकडे. वीस लिटरचा जार, दोन स्टीलचे पेले, वीसेक खेळाडू. रांग लागते. पाहुण्यांना पुढे सोडलं जातं. आधी तोंडावर मारायचं, मग प्यायचं, आणि उरलेलं मानेवर. एका डब्यात भिजवलेले हरभरे आहेत, दुसऱ्यात गूळ-शेंगदाणे. मघाशी एकमेकांना कोपर मारणारे दोघे एकाच डब्यात हात घालतात. सर पोरांना भोवती घेऊन बसतात, ओल्या सिमेंटवर बोटाने रेघा काढून झोन दाखवतात. रेघा वाळून नाहीशा होतात, तेवढ्या वेळात समजून घ्यायचं.

तिसऱ्या क्वार्टरला सर येते. मोठे थेंब, तिरपे. सगळे पळून व्हरांड्यात. वाट बघणं पुन्हा सुरू. इथे कुणी चिडत नाही. आमच्यातला एक जुना खेळाडू नव्या पोरांना मोसमाचं गणित सांगतो. आपल्या विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा असे पाच जिल्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. हरला की घरी. पहिल्याच फेरीत तगडा संघ समोर आला तर जून-जुलैपासून केलेला सराव चाळीस मिनिटांत संपतो. जिंकत गेलात तर विद्यापीठाच्या संघाच्या १२ जागांसाठी कुणाचं तरी लक्ष जातं. तिथे निवड झाली की कलर होल्डर. आयुष्यभर नावामागे लागतं.

"मग हरले तर पुढचा सामना कवा?" मोताळ्याचा पोरगा विचारतो.

"पुढल्या वर्षी."

तो काही बोलत नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो.

पाऊस ओसरतो. पुन्हा वायपर, पुन्हा पोतं. या वेळी खालचेही हात लावतात. साडेपाच होऊन गेलेत. चौथा क्वार्टर मात्र बघण्यासारखा होतो. आता पास लागताहेत. बोलणं वाढलंय. "स्विच!" "माझा, माझा!" "बॉक्स आउट!" ११ नंबर डावीकडे बघतो, उजवीकडे पास देतो, आणि तिथे या वेळी मोताळ्याचा पोरगा असतो, हात उघडे, बॉलकडे बघत. दोन पावलं, उडी, बोर्डवर बॉल, आत. नेट असलेल्या बाजूला आहे, म्हणून वादच नाही. खालचेही "भारी बे" म्हणतात. शेवटी वही बघून कळतं की खालचे चार गुणांनी पुढे आहेत. वाहून गेलेल्या रेघा धरल्या तर कदाचित दोनने. कुणी विचारत नाही.

मुलं बूट काढायला लागतात. मुली उतरतात.

त्यांच्याकडे पाहुणा संघ नाही. आपापसातच दोन गट पाडायचे. उजेड फार तर पाऊण तास राहील. शिवाय दोघी चिखलीच्या, एक धाडची. त्यांना गाडी गाठायचीय. त्यातली एक मुलांचा सामना सुरू असतानाच सॅक पाठीला लावून तयार होती, आता सॅक काढून खेळायला येते. वॉर्मअप नाही, थेट शिट्टी. तीन तास बसून राहिल्यामुळे असेल, पहिल्या मिनिटापासून त्या धावताहेत. त्यांची कर्णधार ठेंगणी आहे. बॉल जमिनीलगत ठेवते, मान वर. दोघींच्या मधून जाते आणि न बघता मागे पास देते. मुलांच्या पूर्ण सामन्यात असा पास एकदाही दिसला नव्हता. पण पायऱ्यांवर आता मोजकीच माणसं आहेत. पाहुण्यांची क्रूझर घाट उतरायला निघालीय, आमचे बघेही तिच्या मागोमाग उठलेत.

एक क्वार्टर पूर्ण होतो, दुसरा अर्धवट. गाडीची वेळ होते. त्या मुली धावतच फाटकाबाहेर पडतात. उरलेल्या बॉल गोळा करून जाळीत भरतात, मोजतात, चौकीदार काकांच्या ताब्यात देतात.

स्पर्धा सुरू झाल्या की पेपरात निकालाच्या दोन ओळी येतात. त्या वाचून संघ कळत नाही. तो कळतो या ओल्या दुपारी. कुणाचे हात चुकून पुढे जातात, कोण वायपर आपणहून उचलतं, कोण तीन तास बसूनही पहिल्या शिट्टीला धावतं, ते इथेच दिसतं. तिकीट नाही, पायऱ्या मोकळ्या आहेत. तुमच्या गावच्या कॉलेजात असा सराव सामना असेल तर जा. जमलं तर जाताना एक नेट घेऊन जा. आणि मुलांचा सामना संपला म्हणून उठू नका. मुलींचा अजून व्हायचा असतो.