निर्लेखित खुर्चीचा ताळेबंद

खुर्ची भंगारवाल्याकडे उलटी पडली होती, म्हणून पाय आधी दिसले. उलट्या व्हीसारखे, खाली निमुळते होत गेलेले सागवानी पाय. बसायच्या जागी मात्र तपकिरी रेग्झीन, कडेनं चुका ठोकलेलं. पाठीमागे पांढऱ्या रंगात ‘पा. ४७’. पाटबंधारे की पाणीपुरवठा, कोण जाणे!

या पायांचं मूळ घराणं चंडीगडचं. ल कॉर्ब्युझिएनं शहराचा आराखडा केला, पण तिथे ठाण मांडून बसला त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे. १९५१ पासून १९६५ पर्यंत तो तिथे होता. १९६७ साली जिनिव्हात वारला, आणि पुढे त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी चंडीगडच्या सुखना तलावात सोडल्या गेल्या. नव्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांना हजारोंनी खुर्च्या हव्या होत्या आणि हाताशी होते सागवान, शिसवी, वेत आणि सुतार. त्यांतून हे फर्निचर झालं. युली चौधरी या भारतीय वास्तुविशारद बाईंचाही त्यात वाटा होता, पण लिलावाच्या कॅटलॉगात ठळक टायपात जानरेच. एकाच नमुन्याच्या खुर्च्या अनेक सुतारांनी केल्या, त्यामुळे दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या सापडणं कठीण.

पुढे वेत फाटले, लोखंडी कपाटं आली, आणि या खुर्च्या गच्चीवर रचल्या गेल्या. मग सरकारी शब्दकोशातला तो थंड शब्द: निर्लेखन, म्हणजे वहीतून नाव खोडणं. भंगाराच्या भावानं त्या विकल्या गेल्या आणि परदेशी व्यापाऱ्यांनी नीटनेटक्या करून पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत मांडल्या. तिथे एकेका खुर्चीला लाखांत किंमत येऊ लागली, तेव्हा आपल्याला जाग आली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं हा वारसा विकायला मनाई केली. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यात खुर्ची-टेबलाला संरक्षण मिळायला वय शंभर वर्षं लागतं. साठ-सत्तरीतली खुर्ची त्या कायद्याच्या लेखी अजून पोरच आहे.

माझी खुर्ची जानरेची नाही, हे आधीच सांगते. कुणीतरी ते पाय पाहून केलेली, लांबची नातलग. पण चुका उपटून रेग्झीन सोलल्यावर आत फोमचा पिवळा भुगा, त्याखाली प्लायवूड, आणि प्लायवूड काढल्यावर चौकटीत चारी बाजूंनी ओळीनं भोकं! ही मुळात वेताची होती. एका भोकात जुन्या वेताचा काळा पडलेला तुकडा अजून अडकलेला होता.

फोम बदलून चांगलं कापड चढवायचं, हा सोपा मार्ग होता. त्या भोकांनी तो बंद केला.

वेताची सालपट्टी म्हणजे वेलीची बाहेरची गुळगुळीत साल. पाण्यात भिजवली की वाकते, वाळली की ताणून बसते. विणीची सगळी ताकद या आकसण्यातच असते. तयार जाळी खाचेत ठोकून बसवता येते, पण भोकांच्या खुर्चीला हातानंच विणावं लागतं. उभी, आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, मग दोन तिरप्या आणि शेवटी काठाची पट्टी. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद, म्हणून मोजणी मधल्या भोकापासून करायची. नाहीतर कडेच्या ओळी फसतात.

शिकवायला आले ते काका अंधशाळेत खुर्ची विणायला शिकलेले. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या अशा न पाहणाऱ्या बोटांनी विणल्या आहेत. माझी पहिली तिरपी ओळ दिसायला झकास होती. काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

“ताई, ही सरकत नाही. अडतेय.”

उभ्यांच्या वरून जायची पट्टी मी खालून घेतली होती. अशी पट्टी शेजारच्या पट्टीला घासत राहते आणि काही वर्षांत तिथेच तुटते. चार ओळी उसवल्या. काकांचं दीड दिवसाचं काम मला अकरा दिवस पुरलं.

सांधे मात्र लवकर आटोपले. जुना सरस गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो, हा त्याचा मोठेपणा. कुणी मध्येच खिळा ठोकला होता, तो काढताना लाकूड चिरलं, तेवढाच घोटाळा. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी सांधा थिनरनं पुसून घ्यायचा.

पॉलिश दसऱ्यानंतर केलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं पातळ-पातळ हात द्यायचे. पावसाळी हवेत लाख पांढरट पडते. आमच्या घरात ती तरीही पडेल, कारण चहाचा गरम कप कुणीतरी खुर्चीच्या हातावर ठेवणारच.

खरा प्रश्न आकड्याचा होता. चंडीगडच्या खुर्च्यांवरची कचेरीची आद्याक्षरं नि क्रमांक आज अस्सलपणाचा दाखला म्हणून जपले जातात, पण बाकी सगळं, म्हणजे शाईचे डाग, बिडीचे चटके, झिजलेले हात, बहुतेकदा घासून कोरं केलेलं असतं. कारकुनाची कारकीर्द पुसायची आणि त्याचा नंबर विकायचा, असा हा हिशेब. मी उजव्या हातावरचा शाईचा डाग राहू दिला.

मदतीला आलेल्या पॉलिशवाल्यानं ‘पा. ४७’ वर नख घासून पाहिलं. “काढू का? मिनिटाचं काम.” नको म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि माझं लक्ष नसताना तेवढ्या आकड्यावर दोन हात जास्त मारले. आता अख्ख्या खुर्चीत तोच सर्वांत जास्त चमकतो.