औषध चालू आहे, झोप मात्र नाही : दीर्घ आजार आणि मनावरील आघाताचे उपचार

आपल्या दोडामार्गातील किती तरी घरांतील माणूस रोज सकाळी हद्द ओलांडून डिचोली, म्हापशाला कामाला जातो. मोठा बाजार तिकडे, नोकरी तिकडे, आणि दुखणे वाढले की बांबोळीचे इस्पितळही तिकडेच. त्या म्हापशात १९८९ साली घडलेली एक हकीकत आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण प्रस्तुत विषय नीट कळायचा तर तिच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

डॉमिनिक डिसोझा हा सुशिक्षित, नोकरी करणारा गोमंतकीय तरुण. तो नियमित रक्तदान करीत असे. त्याच्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही. आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांकरवी त्याला नेण्यात आले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील त्या वेळच्या कलमाखाली म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळाच्या इमारतीत एकट्याला ठेवण्यात आले. असे ६४ दिवस. गुन्हा काहीही नव्हता. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू लढविली. डॉमिनिक बाहेर आला खरा, पण अखेर न्यायालयाने सरकारचा अलग ठेवण्याचा अधिकार कायम ठेवला. १९९२ साली तो वारला. त्यापूर्वी त्याने आपल्यासारख्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली होती. २००५ साली आलेला ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला आहे.

आता विचार करा. त्या ६४ दिवसांत विषाणूने त्याचे काय बिघडवले? तो तर चालता-बोलता, धडधाकट माणूस होता. जे केले ते माणसांनी केले. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्याच्या मनावरील आघात म्हणतात तो बहुतांशी असा असतो. रोगाची बातमी हा एक घाव. ती ज्या रीतीने सांगितली गेली आणि त्यानंतर माणसे ज्या रीतीने वागली, हा दुसरा. दुसरा अधिक खोल जातो.

आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वेगळी कपबशी, वरून ओतलेले पाणी, ओटीच्या खाली बसणे म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. म्हणूनच आपल्यातल्याच एखाद्या घरात एच.आय.व्ही. असलेल्या सुनेची थाळी वेगळी मांडलेली दिसते, तेव्हा मान खाली जाते. एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्याल्याने, शेजारी झोपल्याने हा विषाणू पसरत नाही, हे शास्त्राला कधीचेच ठाऊक आहे. २०१६ साली आपल्याच तालुक्यात केर भागात माकडताप आला. भीती तेव्हाही होती, काजूच्या बागेत जायला माणसे कचरत होती. पण त्या रोग्याच्या चारित्र्याचा प्रश्न कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. फरक आहे तो इथे.

वैद्यकाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती आता आशादायक आहे. सरकारी केंद्रांतून एच.आय.व्ही.ची औषधे मोफत देण्यास १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. पूर्वी रोगप्रतिकारक पेशींची संख्या विशिष्ट पातळीखाली उतरेपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. रोज न चुकता गोळी घेतली तर रक्तातील विषाणू मोजणीत न सापडण्याइतका कमी होतो, आणि तसा तो कमी राहिला तर लैंगिक संबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. हा माणूस म्हातारा होऊ शकतो, नातवंडे पाहू शकतो. अट एकच : गोळी चुकता कामा नये.

आणि आघाताचा प्रश्न नेमका या अटीशी येऊन भिडतो.

मानसिक आघाताच्या या विकाराला १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र नाव मिळाले. मराठीत त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणता येईल. व्हिएतनामच्या युद्धाहून परतलेल्या सैनिकांमुळे त्याकडे विशेष लक्ष गेले. १९९४ च्या आवृत्तीने जीवघेणा आजार झाल्याचे कळणे हासुद्धा आघात मानला. २०१३ च्या आवृत्तीने व्याख्या पुन्हा आवळली आणि आजाराचे नुसते निदान पुरेसे नाही असे ठरविले. हा वाद पंडितांनी घालावा. आपल्यापुढे बसलेली बाई रात्रभर छताकडे बघत असते की नाही, हे आपण पाहावे.

लक्षणे साधारण अशी. घडलेला प्रसंग आठवत नाही, तर तो पुन्हा घडतो. इस्पितळातील फिनेलचा वास आला की तोच बाक, तोच कागद, तेच शब्द. छाती धडधडते, हात गार पडतात. झोपेत दचकून उठणे. दार वाजले तरी अंगावर काटा. स्वतःविषयी ‘मी घाण आहे’, ‘माझ्यामुळेच हे झाले’ असे पक्के ग्रह. आणि चौथे, सर्वांत घातक लक्षण म्हणजे टाळणे. ज्या ज्या गोष्टीने आठवण येते तिच्या वाटेला माणूस जात नाही.

आता त्या माणसाची गोळ्यांची डबी कशाची आठवण करून देते? रोज रात्री ती उघडली की निदानाचा तो दिवस समोर उभा राहतो. मग एक दिवस डबी उघडत नाही, मग दोन दिवस. औषध आणायला केंद्रावर जायचे तर फाटकाशी पाय अडखळतात. ओळखीचा कोणी भेटला तर? काहीजण त्यासाठी आपला जिल्हा सोडून लांबच्या केंद्रावर जातात आणि पुढे एस.टी.चे भाडे परवडत नाही म्हणून तेही सुटते. आपण म्हणतो, ‘बेपर्वा आहे, औषध घेत नाही’. माझे मत असे की, यातल्या पुष्कळांच्या बाबतीत तो बेपर्वाईचा नव्हे तर आघाताचा भाग असतो. आणि त्याच्यावर रागावणे हा आणखी एक आघात.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक वाईट स्वप्न आघाताचे नसते. इफाव्हिरेन्झ हे औषध आपल्याकडे अनेक वर्षे नेहमीच्या गोळीत होते. त्याने भडक, खरी वाटणारी स्वप्ने पडतात, चक्कर येते, मन उदास होऊ शकते. पुढे त्याच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले. त्यानेही काहींची झोप उडते. म्हणून ‘माका झोप येणा नाय’ असे कोणी म्हणाले तर आधी गोळी कोणती आणि किती वाजता घेतो हे डॉक्टरांना दाखवावे. कधी वेळ बदलल्यानेच भागते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे मात्र सर्वथा गैर.

उपचार कसा होतो? लोकांची समजूत अशी की, समुपदेशक म्हणजे धीर देणारा. धीर हवाच, पण आघाताचा उपचार ही ठरलेल्या पायऱ्यांची विद्या आहे. पहिली पायरी सुरक्षिततेची. राहायला जागा आहे का, घरात मारहाण होते का, ही बातमी कोणाकोणाला ठाऊक आहे, याचा विचार आधी. मग शरीराला ‘आता’मध्ये आणण्याचे साधे उपाय : तळपाय जमिनीवर घट्ट टेकणे, समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घेणे, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणे. हे दिसायला क्षुल्लक, पण घाबरलेल्या माणसाच्या हाती पहिले हत्यार तेच.

पुढची पायरी आठवणीची. तिच्या अनेक पद्धती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ज्यांची शिफारस केली त्यांत आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी पद्धत या दोन्ही आहेत. मला स्वतःला निर्वासितांसाठी तयार झालेली कथनाची पद्धत आपल्या माणसांना जवळची वाटते. तीत जमिनीवर एक दोरी पसरतात. दोरीचे एक टोक म्हणजे जन्म, आणि दुसरे टोक गुंडाळून ठेवलेले, कारण पुढचे आयुष्य अजून यायचे आहे. माणूस तिच्यावर क्रमाने वस्तू ठेवीत जातो : सुखाच्या प्रसंगाला फूल, दुःखाच्या प्रसंगाला दगड. आपल्याकडे सुंभाची दोरी, आबोलीची फुले आणि व्हाळातले गोटे, एवढे सामान पुरे. मग पुढच्या बैठकींतून एकेक दगड उचलून त्याची हकीकत सावकाश सांगायची : कोणता महिना होता, कोण समोर होते, अंगाला काय जाणवले, मनात काय आले, आणि आत्ता सांगताना काय होते आहे. समुपदेशक ते लिहून घेतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो. चुकले असेल ते माणूस दुरुस्त करतो.

याने काय साधते? आघाताची आठवण मनात तारखेवाचून पडलेली असते. म्हणून ती केव्हाही ‘आत्ता’ होते. क्रमाने, पुन्हा पुन्हा, सुरक्षित जागी सांगितली की तिला तारीख लागते, ती ‘तेव्हाची’ होते. शिवाय भीती टाळल्याने टिकते आणि सामोरे गेल्याने ओसरते. म्हणून डबी उघडून नुसती समोर ठेवणे, केंद्राच्या फाटकापर्यंत सोबतीने जाऊन येणे, असेही धडे जोडीने दिले जातात. सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो. हे आधीच सांगितले नाही तर माणूस दुसऱ्या बैठकीनंतर परत येत नाही.

दगड बहुधा एक नसतो. गरोदरपणातल्या तपासणीत बाईला आधी कळते, नवऱ्याची तपासणी मागाहून होते, आणि दोष तिच्या माथी बसतो. पुढे नवरा जातो, सासर दार लावते. अशा बाईच्या दोरीवर निदानाचा दगड कधी कधी सर्वांत लहान निघतो.

सैनिकाचे युद्ध संपलेले असते. एच.आय.व्ही.च्या माणसाचे तसे नाही; उद्या मालकाला कळले तर नोकरी जाईल ही भीती नेहमीच खोटी नसते. तेव्हा ‘सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणारा समुपदेशक निकामी. कोणती भीती जुन्या घावाची आणि कोणती आजच्या खऱ्या धोक्याची, हे दोघांनी मिळून निवडावे लागते. खऱ्या धोक्यासाठी कायदा आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीवाचून चाचणी करणे, संमतीवाचून दुसऱ्याला सांगणे, नोकरी-शाळा-दवाखान्यात भेदभाव करणे याला त्यात मनाई आहे, आणि एकत्र घरात राहण्याचा हक्कही आहे. मी स्वतः एका इस्पितळात, फार वर्षांपूर्वी, खाटेच्या डोक्याशी लाल अक्षरांत रोगाचे नाव टांगलेले पाहिले आहे. नाव घेत नाही. तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

आपल्या सभासदांपैकी अनेकजण विपश्यनेला जातात, म्हणून एक स्पष्ट सांगतो. ध्यानाने मनाला स्थैर्य येते हे खरे. परंतु ज्याचा घाव ताजा आहे त्याला दहा दिवस मौनात, डोळे मिटून बसविले तर तोच प्रसंग मोकाट सुटू शकतो. शिबिराच्या अर्जात मनाच्या आजाराविषयी विचारतात ते उगाच नाही. खरे लिहावे, आणि आधी उपचार करून घ्यावा.

एवढे तज्ज्ञ आपल्या डोंगरपट्ट्यात कुठून आणायचे, असा प्रश्न येतोच. गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘संगत’ संस्थेने दाखविले की, पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेली पण नीट शिकविलेली स्थानिक माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ बैठकींत उदासीनतेच्या रोग्यांना बरे करू शकतात. त्यांची ही चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तो उपचार आघाताचा नव्हता, आणि आघाताचे काम अधिक देखरेख मागते. तरी पहिली पायरी, म्हणजे सुरक्षितता, श्वास, गोळीची सोबत, एवढे शिकलेली माणसे आपल्या मंडळातही तयार होऊ शकतात. फक्त ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्याला या कामाला घेऊ नये.

चाचणी व समुपदेशन सरकारी इस्पितळांतील केंद्रांत मोफत आणि गुप्त असते. एच.आय.व्ही.विषयी विचारायचे तर १०९७, आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६. दोन्ही क्रमांकांवर नाव न सांगता बोलता येते.