धडधाकट पोटाला कात्री कशाला?

‘चालायला जा, भात सोड, जिभेला लगाम घाल, पण धडधाकट पोटाला कात्री कशाला?’ वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही. सुजलेलं अपेंडिक्स काढणं कुणालाही पटतं. इथे मात्र तपासणीत ठणठणीत निघालेल्या जठराला हात घालायचा असतो. स्लीव्ह पद्धतीत पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून, स्टेपलरने जठर उभं कापून त्याचा ७५ ते ८० टक्के भाग बाहेर काढतात. आत उरते ती केळ्याएवढी नळी. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला जोडतात. ही जोडणी तांत्रिकदृष्ट्या पूर्ववत करता येते, पण ते काम पहिल्यापेक्षा अवघड असतं आणि क्वचितच करावं लागतं. घरच्यांना समजावताना बहुतेक जण नेमकी हीच गोष्ट झाकायला बघतात. ‘दुर्बिणीतून होतं, दोन-तीन दिवसांत घरी’ एवढंच सांगून मोकळे होतात. माझ्या मते तिथेच त्यांची बाजू लंगडी पडते. हा उपचार लागू पडतो तो बऱ्याच अंशी कायमचा असल्यामुळेच. तेव्हा बोलणंही तिथूनच सुरू करायला हवं.

कारण ज्याच्याशी झगडायचं आहे, तेही तितकंच चिवट आहे. ‘मनावर घेतलं की वजन उतरतं’ हे खरं आहे. ते उतरलेलं टिकत नाही, हा खरा घोळ. मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास जाड व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग पुढचा आहे: वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तात भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक सुरुवातीपेक्षा जास्त होतं, आणि भूकही जास्त लागत होती. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. घटवलेल्यापैकी बरंचसं वजन परत आलं होतं. तरीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला जवळजवळ पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे अशा माणसाला आपलं वजन राखायला, त्याच्याच वजनाच्या दुसऱ्या माणसापेक्षा रोज चार-पाच पोळ्या कमी खाव्या लागणार, आणि तेही वाढलेल्या भुकेनिशी. दिवसातून दोनदाच जेवा असं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, थोडं थोडं वारंवार खा असं ऋजुता दिवेकर. आणि यातलं कोणतं बरोबर यावर मराठी घरांत वर्षानुवर्षं वाद रंगले. थोडं वजन वाढलेल्यांना दोन्हींचा उपयोग होऊ शकेल. पण चाळीस-पन्नास किलो जादा वजनाचा माणूस जेव्हा चौथ्यांदा डाएट सोडतो, तेव्हा त्याला आळशी ठरवण्याआधी ही मोजमापं बघायला हवीत.

शस्त्रक्रिया हेच गणित बदलते. पोट लहान झालं म्हणून कमी खाल्लं जातं, ही गोष्टीची निम्मीच बाजू. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, त्यातच घ्रेलिन सर्वाधिक तयार होतं. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचल्यामुळे ‘जीएलपी-१’सारखी, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं वाढतात. त्यामुळेच मधुमेहात अनेकदा वजन फारसं उतरायच्या आतच साखर सुधारू लागते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये दीडशे मधुमेहींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून पाच वर्षं तुलना केली गेली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सहा टक्क्यांवर किंवा त्याखाली आलेले रुग्ण औषधांच्या गटात ५ टक्के होते, स्लीव्हच्या गटात २३ आणि बायपासच्या गटात २९ टक्के. हे आकडे सांगताना दुसरी बाजूही सांगावी: शस्त्रक्रिया होऊनही सत्तर टक्क्यांहून अधिक लोक त्या रेषेखाली आले नाहीत. ‘मधुमेह मुळापासून जातो’ अशी जाहिरात करणाऱ्यांवर नातेवाइकांनी विश्वास ठेवू नये, हेच बरं.

पुढचा आक्षेप जिवाच्या भीतीचा. २०१७ साली इजिप्तहून मालवाहू विमानाने मुंबईत आणलेली इमान अहमद अनेकांना आठवते. इथे तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, पुढे तिला अबुधाबीला हलवलं आणि त्याच वर्षी तिचा मृत्यू झाला. समोरचा मग नितीन गडकरींचं नाव घेतो. त्यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते आजही देशभर हिंडतात. दोन्ही उदाहरणं कुचकामी. एकीचं वजन पाचशे किलोंच्या घरात होतं आणि ती वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती. दुसरे गृहस्थ मंत्री. आपल्या घरातल्या माणसाशी दोघांचाही मेळ बसत नाही. त्यापेक्षा २००९ सालचा अमेरिकी अभ्यास बघावा: ४,७७६ रुग्णांपैकी पहिल्या तीस दिवसांत ०.३ टक्के दगावले, आणि सुमारे ४ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली. हजारात तीन हा आकडा शून्य नाही. पण तो ताडून बघायचा तो निरोगी, सडपातळ आयुष्याशी नव्हे. काहीच न करता तसंच राहिलेल्या लठ्ठ माणसाच्या पुढच्या दहा वर्षांशी. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेले आणि तेवढेच न झालेले लठ्ठ लोक, अशा दोन गटांचा पाठपुरावा होत आला आहे. सरासरी अकरा वर्षांत शस्त्रक्रियेच्या गटात १०१ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १२९. तिथे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, शस्त्रक्रियाही बहुतांश जुन्या प्रकारच्या होत्या, ही त्या अभ्यासाची मर्यादा. २०२० साली आलेल्या हिशेबानुसार शस्त्रक्रियेने आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढलं, पण सर्वसाधारण लोकांपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. जादू म्हणावी असं यात काही नाही. पण तीन वर्षं कमीही नाहीत.

अलीकडे आणखी एक मुद्दा निघतो: आता इंजेक्शनं आली आहेत, मग कापाकापी कशाला? २०२५ पासून मौंजारो आणि वेगोवी भारतात मिळू लागली आहेत, आणि हा पर्याय खरोखर दमदार आहे. वेगोवीमधल्या सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे इंजेक्शनही चालू ठेवलं तरच टिकणारं. एकदाच कापून घ्यायचं की वर्षानुवर्षं टोचत आणि पैसे मोजत राहायचं, हा निवडीचा प्रश्न आहे. इंजेक्शन आधी वापरून बघतो, असं कुणी ठरवलं तर मला त्यात शहाणपणच दिसतं. नातेवाइकांचा संशय सगळ्यात वजनदार ठरतो तोही सीमारेषेवरच्या माणसांबाबत. आपल्याकडे विमा नियामकाच्या निकषात बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचं माप) ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर व्याधी, अशी अट आहे. पाच फूट पाच इंचांच्या व्यक्तीसाठी हे वजन अनुक्रमे १०९ आणि ९५ किलोंच्या आसपास येतं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची रेषा २७.५ वर आणून ही वाट बरीच रुंद केली. पण लग्न ठरायचं आहे म्हणून, एरवी निरोगी असलेल्या मुलीला त्या रेषेवर टेबलावर झोपवायला निघालेल्या घराला ‘थांबा’ म्हणणारी एखादी आत्या असलेली बरी.

आणि हो, काही तक्रारी खऱ्याच आहेत. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात. कातडी लोंबते. स्लीव्हनंतर काहींची छातीतली जळजळ वाढते. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका वाढतो. गर्भधारणा बारा ते अठरा महिने पुढे ढकलावी लागते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक रक्ततपासण्या जन्मभर. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं शाकाहारी घरात वाटीभर जेवणातून भरून काढायची, तर भाताआधी डाळ, पनीर, सोयाबीन पोटात जायला हवं. काही वर्षांनी थोडं वजन परत चढतंही.

कायद्याच्या दृष्टीने नातेवाइकांच्या होकाराची गरजच नाही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याचीच लागते; आईची संमती मुलीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात स्पष्ट केलं. तरीही समजावत बसायचं, कारण शस्त्रक्रियेनंतर स्वयंपाकघर त्यांच्याच हातात असतं. सुरुवातीला दर काही मिनिटांनी घोटभर पाणी, मग गाळलेलं वरण, मग मऊ आणि कुस्करलेलं. या काळात ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणून वाढलेली अर्धी पोळीही उलटीला पुरते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, धपापणारी छाती किंवा वाढतं पोटदुखणं दिसलं, तर टाक्याच्या जागेतून गळती होत असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढायची असते. उलट्या थांबत नसतील तर बी-१ संपून मेंदूवर आणि नसांवर परिणाम होऊ शकतो. तिथे लिंबूपाणी देऊन सकाळची वाट बघणं महागात पडतं. म्हणून शस्त्रक्रियेआधीच्या भेटीला सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या नातेवाइकालाच सोबत न्यावं, आणि डॉक्टरांना प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत.